आइसलँडचा फुटबॉल हंगाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आइसलँड म्हटलं की बहुतेकांना २०१६ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला २-१ ने हरवणारा संघ आठवतो. ते खेळाडू ज्या लीगमध्ये घडले, ती मात्र आपल्याकडे फारच थोडे लोक बघतात. मोठ्या लीगच्या सुट्टीत, मे ते ऑगस्ट या काळात, फुटबॉलशिवाय करमत नसेल तर या लीगसारखी दुसरी सोबत नाही. खालची उत्तरं मुख्यतः २०२४ चा हंगाम समोर ठेवून लिहिली आहेत. अलीकडच्या हंगामांत तोच सर्वांत शेवटपर्यंत रंगला आणि लीगचे सगळे कंगोरेही त्यात दिसले.

लीगचं नाव काय आणि तिच्यात किती संघ असतात?

पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीला २०२२ पासून 'बेस्टा देइल्द' म्हणतात. जुन्या नोंदींमध्ये 'उर्वाल्सदेइल्द' हे नाव सापडेल, लीग तीच. संघ १२. देशाच्या फुटबॉल संघटनेचं, केएसआयचं, स्थापनेचं वर्ष १९४७. पण राष्ट्रीय अजिंक्यपद त्याच्या कितीतरी आधीपासून, १९१२ पासून खेळलं जातं. पहिल्या वर्षी तीनच संघ होते आणि आज केआर या नावाने ओळखला जाणारा रेक्याविकचा क्लब जिंकला होता.

२०२४ च्या बारा संघांपैकी केआर, वालुर, व्हीकिंगुर, फ्राम आणि फिल्किर हे पाच रेक्याविक शहरातले. ब्रेइदाब्लिक आणि एचके शेजारच्या कोपावोगुरचे, स्त्यार्नान गार्दाबाइरचा, एफएच हाफ्नारफ्योर्दुरचा. म्हणजे नऊ संघ राजधानीच्या परिसरातले. उरलेले तीन लांबचे: आक्रानेसचा ईआ, उत्तरेकडच्या आकुरेरीचा केए आणि वायव्येच्या टोकाला ईसाफ्योर्दुरचा वेस्त्री.

एवढ्याशा देशात बारा संघांची लीग चालते कशी? बघायला येतं कोण?

देशाची लोकसंख्या सुमारे ३.८ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. कोल्हापूरचं नाव मुद्दाम घेतलं, कारण शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना ज्याने पाहिला आहे त्याला आइसलँडचे क्लब समजावून सांगावे लागत नाहीत. इथे पेठ आणि तालीम, तिथे वस्ती आणि क्लब. केआर म्हणजे रेक्याविकची पश्चिमेकडची वस्ती, व्हीकिंगुर म्हणजे फोस्सवोगुर, फिल्किर म्हणजे आउर्बाइर. मूल ज्या भागात वाढतं त्या भागाच्या क्लबात पाच-सहा वर्षांचं असताना जातं. आई, मामा, शाळेतले सर सगळे त्याच क्लबचे असतात.

मैदानं लहान आहेत. बहुतेक ठिकाणी एकाच बाजूला बसायला गॅलरी, बाकी तीन बाजूंना कुंपण किंवा गवताचा उतार. नेहमीच्या सामन्याला हजाराच्या आत-बाहेर लोक येतात. आकडा छोटा वाटेल, पण लोकसंख्येशी त्याचं प्रमाण लावून बघा.

हंगाम उन्हाळ्यातच का?

हिवाळ्यात उघड्यावर खेळणं शक्य नाही म्हणून. डिसेंबरमध्ये रेक्याविकला दिवस जेमतेम चार तासांचा असतो. जमीन गोठते आणि वारा माणसाला उभं राहू देत नाही. त्यामुळे लीग एप्रिलच्या सुरुवातीला सुरू होते आणि ऑक्टोबरच्या अखेरीला संपते. जूनमध्ये उलट परिस्थिती: सूर्य मध्यरात्रीनंतर मावळतो, आणि मावळला तरी पुरता अंधार पडत नाही. रात्री सव्वासातचा सामना भर उजेडात सुरू होऊन भर उजेडात संपतो.

इथला फुटबॉल समजून घ्यायचा तर वाऱ्याकडे लक्ष ठेवा. पहिल्या अर्धात ज्या संघाच्या पाठीशी वारा आहे तो लांबून फटके मारत सुटतो. गोलरक्षकाची किक वर जाऊन परत त्याच्याच बाजूला येते. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की सामन्याचं चित्रच पालटतं. मध्यंतराला ०-० असेल तर फक्त गुणफलक बघून अंदाज बांधू नका. दुसऱ्या अर्धात वारा कोणाच्या बाजूने आहे ते आधी बघा.

एप्रिलचे सामने बोचऱ्या थंडीत होतात, कधी बर्फही पडतं. म्हणून बऱ्याच क्लबांनी नैसर्गिक गवत काढून कृत्रिम गवत अंथरलं आहे. जुन्या लोकांना ते आवडत नाही, आणि पावसात भिजलेल्या खऱ्या गवतावर घसरून केलेला टॅकल बघायला मलाही जास्त आवडतो. पण एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत लीग खेळायची तर दुसरा इलाज नाही, हे मान्य करावं लागतं.

२२ सामन्यांनंतर गुणतक्ता दोन भागांत का तुटतो?

ही पद्धत २०२२ मध्ये आली. आधी बारा संघ एकमेकांशी दोनदा खेळायचे आणि २२ सामन्यांत हंगाम संपायचा. युरोपातल्या पात्रता सामन्यांसाठी क्लबांना जास्त सामन्यांचा सराव हवा होता आणि हंगामही लांबवायचा होता. आता २२ फेऱ्यांनंतर वरचे सहा आणि खालचे सहा वेगळे होतात. प्रत्येक गटात सगळे एकमेकांशी आणखी एकेकदा खेळतात, म्हणजे आणखी पाच सामने. एकूण २७. आधीचे गुण पूर्णच्या पूर्ण पुढे येतात; काही देशांत ते निम्मे करतात तसं इथे नाही.

वरच्या गटात विजेतेपद आणि युरोपातल्या जागा ठरतात. खालच्या गटातले शेवटचे दोन संघ खालच्या श्रेणीत जातात.

सातव्या संघाचे गुण सहाव्यापेक्षा जास्त कसे? तक्ता चुकलाय का?

चुकलेला नाही. एकदा गट पडले की खालच्या गटातला संघ कितीही जिंकला तरी सातव्याच्या वर जाऊ शकत नाही, आणि वरच्या गटातला संघ कितीही हरला तरी सहाव्याच्या खाली येत नाही. २०२४ मध्ये सातव्या आलेल्या केएचे गुण सहाव्या आलेल्या एफएचपेक्षा जास्त होते. दोघांचे शेवटचे पाच प्रतिस्पर्धी वेगळे असल्याने ही तुलनाच लागू पडत नाही.

२०२४ चं विजेतेपद कसं ठरलं?

हे उत्तर लांब आहे, कारण ते तसंच सांगायला हवं.

व्हीकिंगुर गतविजेता होता. प्रशिक्षक आर्नार गुन्न्लाउग्सोन यांच्या हाताखाली या क्लबने २०२१ आणि २०२३ मध्ये लीग जिंकली होती. मधल्या २०२२ मध्ये ब्रेइदाब्लिकने. म्हणजे तीन वर्षं हे दोनच संघ एकमेकांच्या हातून करंडक घेत होते. २०२४ मध्येही बाकीचे संघ खूप मागे राहिले. तिसऱ्या आलेल्या वालुरला ५० गुणही गाठता आले नाहीत.

शेवटून दुसऱ्या फेरीत व्हीकिंगुर आक्रानेसला गेला. ईआविरुद्धचा तो सामना त्यांनी भरपाई वेळेतल्या गोलवर ४-३ असा जिंकला. यामुळे २७ व्या, म्हणजे शेवटच्या फेरीआधी दोन्ही संघांचे सारखेच ५९ गुण झाले. गोलफरक व्हीकिंगुरचा सरस होता. आणि शेवटच्या फेरीत सामना होता याच दोघांचा, व्हीकिंगुरच्या मैदानावर. यजमानांना बरोबरी पुरेशी होती, ब्रेइदाब्लिकला जिंकायलाच हवं होतं.

सामन्याच्या तीनच दिवस आधी, गुरुवारी २४ ऑक्टोबरला, व्हीकिंगुरने कॉन्फरन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या तिसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत, बेल्जियमच्या सेर्कल ब्रुजला ३-१ ने हरवलं होतं. युरोपीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत आइसलँडच्या क्लबचा तो पहिला विजय. पण आइसलँडमध्ये युरोपीय निकषांत बसतील असे दिवे फक्त राष्ट्रीय मैदानावर, आणि त्या मैदानाचं काम निघालं होतं. म्हणून सामना भर दुपारी, सूर्यप्रकाशात खेळावा लागला. तो झाला कोपावोगुरच्या मैदानावर, म्हणजे ज्या ब्रेइदाब्लिकशी रविवारी गाठ होती त्याच क्लबच्या घरी. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर इतिहास घडवायचा आणि तीन दिवसांनी त्याच्याशीच आपल्या मैदानावर विजेतेपदासाठी लढायचं, असा तो आठवडा होता.

रविवारी २७ ऑक्टोबरला व्हीकिंगुरच्या पायांत तो गुरुवार दिसत होता. ब्रेइदाब्लिकचा आघाडीपटू ईसाक स्नाइर थोर्वाल्दसोन नॉर्वेच्या रोझेनबोर्गकडून उसनवारीवर आलेला होता. त्याने मध्यंतराआधी एक आणि मध्यंतरानंतर लगेच दुसरा गोल केला. तिथून यजमानांना परतण्याची वाट सापडली नाही. तिसरा गोल आरोन ब्यार्नासोनचा. ३-० आणि ६२ गुणांसह ब्रेइदाब्लिक विजेते, प्रशिक्षक हाल्दोर आर्नासोन.

काही जण म्हणतात की व्हीकिंगुरला थकव्याने हरवलं. मला ते पूर्ण पटत नाही. ब्रेइदाब्लिकने त्या दिवशी मधल्या फळीत चेंडू यजमानांच्या पायाला चिकटूच दिला नाही. बरोबरी पुरत असलेल्या संघाने मागे राहून खेळणं स्वाभाविक होतं, पण त्याची किंमत त्यांना मोजावी लागली.

असा शेवटच्या दिवशी ठरलेला हंगाम पूर्वी झाला होता का?

झाला होता, २०१४ मध्ये, आणि तो आणखी विलक्षण होता. हाफ्नारफ्योर्दुरला एफएच आणि स्त्यार्नान शेवटच्या फेरीत समोरासमोर आले. एफएचला बरोबरी पुरत होती. भरपाई वेळेत ओलावुर कार्ल फिन्सेनने पेनल्टीवर गोल केला आणि स्त्यार्नान २-१ ने जिंकला. क्लबचं हे पहिलंच विजेतेपद, तेही संपूर्ण हंगामात एकही सामना न हरता. हाच तो क्लब, ज्याच्या खेळाडूंनी २०१० मध्ये गोल झाल्यावर मासा गळाला लागल्याचा देखावा केला आणि तो व्हिडिओ जगभर फिरला.

युरोपात हे क्लब किती मजल मारतात?

अनेक दशकं पात्रता फेऱ्यांतच बाहेर पडायचे. २०२३-२४ मध्ये ब्रेइदाब्लिक कॉन्फरन्स लीगच्या गट फेरीत पोचला. असं करणारा तो पहिला आइसलँडिक क्लब. पण त्याने तिथले सहाच्या सहा सामने गमावले. पुढच्याच वर्षी व्हीकिंगुरने साखळी फेरीत ८ गुण मिळवले आणि पुढच्या फेरीत पानाथिनाइकोसविरुद्ध धडक मारली. फेब्रुवारीत देशात खेळण्याजोगं मैदान नव्हतं, म्हणून 'घरचा' सामना फिनलंडमध्ये, हेलसिंकीला झाला. तिथे व्हीकिंगुर २-१ ने जिंकला. परतीच्या सामन्यात ग्रीसमध्ये ०-२ ने हरून बाहेर पडला.

एका वर्षात शून्य गुणांपासून पानाथिनाइकोसला हरवण्यापर्यंत आलेली ही प्रगती मला विजेतेपदांइतकीच मोलाची वाटते.

खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक असतात का?

मोठ्या क्लबांतले बरेच आता असतात. बाकीच्यांत नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळणारे भरपूर. सर्वांत ठळक उदाहरण वालुरचा बचावपटू बिर्किर माउर साइवार्सोन. २०१८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध खेळला तेव्हा तो मायदेशी एका मिठाच्या कारखान्यात पॅकिंगचं काम करत होता. त्याच सामन्यात मेस्सीची पेनल्टी अडवणारा गोलरक्षक हान्नेस हाल्दोर्सोन पेशाने चित्रपट-दिग्दर्शकही होता. संघाचे प्रशिक्षक हेइमिर हाल्ग्रीम्सोन वेस्टमान बेटांवरचे दंतवैद्य. हौशी फुटबॉलच्या कौतुकाच्या गोष्टी म्हणून या सांगितल्या जातात, पण त्यांच्यामागे साधं गणित आहे: इतक्या लहान बाजारपेठेत तिकिटं आणि जाहिरातींवर सगळ्या संघांचे पगार निघत नाहीत.

मग इतके चांगले खेळाडू कुठून येतात?

दोन गोष्टींमुळे, आणि दोन्ही अगदी साध्या आहेत.

पहिली, छताखालची मैदानं. केफ्लाविकजवळ २००० मध्ये पूर्ण आकाराचं पहिलं बंदिस्त फुटबॉल मैदान उभं राहिलं. पुढच्या काही वर्षांत कोपावोगुर, रेक्याविक, आकुरेरी अशा ठिकाणी आणखी झाली. बहुतेकांचा खर्च स्थानिक पालिकांनी केला. बाहेर वादळ असताना आत कृत्रिम गवतावर दहा वर्षांची मुलं-मुली पास देत असतात. एचके तर लीगचे घरचे सामनेसुद्धा छताखालीच, कोरिन या हॉलमध्ये खेळतो. तिथे ना वारा असतो ना पाऊस. पाहुण्या संघांना ते अवघड जातं, कारण बाकी सगळीकडे त्यांना वाऱ्याची सवय असते.

दुसरी गोष्ट, प्रशिक्षक. लहानग्यांना शिकवायला हौशी पालक नसतो. युएफाचा, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाचा, परवाना असलेला, पगारी प्रशिक्षक असतो. आपल्याकडे मुलगा राज्य संघात गेल्यावर त्याला ज्या दर्जाचा प्रशिक्षक मिळतो, तसा तिथे वस्तीच्या क्लबात पहिलीतल्या मुलाला मिळतो. मुलांच्या क्रीडाशुल्कासाठी पालिका वार्षिक अनुदान देतात, त्यामुळे पैशांअभावी मूल बाहेर राहण्याची शक्यता कमी होते. सहाव्या वर्षी कोणाला काढून टाकत नाहीत. इतक्या कमी मुलांत एकालाही लवकर गमावणं परवडत नाही.

महाराष्ट्रात आणि गोव्यात मुलांचा फुटबॉल चालवणाऱ्यांनी यातली दुसरी गोष्ट आधी घ्यावी, असं मी मनापासून सांगेन. हॉल बांधायला पैसा आणि वर्षं लागतात. प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम उद्यापासून करता येतो.

चांगला खेळाडू दिसला की तो परदेशी जातो. मग क्लबला काय मिळतं?

जातो, आणि फार लवकर जातो, बहुतेक वेळा १६ ते १९ या वयात. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन ही पहिली पायरी. हाकोन हाराल्दसोन आक्रानेसच्या ईआमधून कोपनहेगनला आणि तिथून लिलला गेला. ओर्री ओस्कार्सोन ग्रोत्ता या छोट्या क्लबातून कोपनहेगनला आणि २०२४ मध्ये स्पेनच्या रेआल सोसिएदादकडे.

फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतराच्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. ओर्रीसारखा व्यवहार काही कोटी युरोंच्या घरात असतो, त्यामुळे छोटा वाटाही एखाद्या लहान क्लबसाठी मोठी रक्कम ठरते. या पैशांतूनच पुढच्या मुलांचे प्रशिक्षक पोसले जातात.

उलटा प्रवासही होतो. एव्हर्टनमध्ये खेळलेला गिल्वी सिगुर्दसोन २०२४ मध्ये वालुरकडे आला आणि पुढच्या वर्षी व्हीकिंगुरकडे गेला.

राजधानीबाहेरच्या संघांचं काय?

त्यांच्यावर खरं प्रेम करायला हवं, कारण त्यांचा हंगाम बाकीच्यांपेक्षा दुप्पट खडतर असतो.

ईसाफ्योर्दुर रेक्याविकपासून रस्त्याने साधारण ४५० किलोमीटर. रस्ता एकेका फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या चिंचोळ्या खाडीच्या, कडेने आत जातो आणि पुन्हा बाहेर येतो. विमानाने पाऊण तास, पण धावपट्टी डोंगरांच्या मधोमध असल्याने वारा वाढला की उड्डाण रद्द. २०२४ मध्ये वेस्त्री नुकताच बढती मिळवून आला होता, घरी नवं गवत बसवायचं काम चालू होतं, म्हणून सुरुवातीचे 'घरचे' सामनेही त्यांना रेक्याविकला खेळावे लागले. तरी त्यांनी शेवटी दहावं स्थान राखलं. फिल्किर आणि एचके खाली गेले.

आकुरेरीचा केए त्याच वर्षी राष्ट्रीय चषक जिंकला. अंतिम सामन्यात त्यांनी व्हीकिंगुरलाच २-० ने हरवलं. क्लबचा हा पहिलाच चषक, आणि त्यामुळे लीगमध्ये सातवा येऊनही त्याला युरोपचं तिकीट मिळालं.

२०२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत असलेला वेस्टमान बेटांचा आयबीव्ही सोडून हे उत्तर पूर्ण होत नाही. त्याच्याशी खेळायला जायचं तर बोट पकडावी लागते. समुद्र शांत असेल तर जवळच्या बंदरातून चाळीस मिनिटांत पोचता येतं. खवळलेला असेल तर दुसऱ्या बंदरातून पावणेतीन तास. इतका वेळ लाटांवर हेलकावे खाऊन उतरलेला पाहुणा संघ पहिली वीस मिनिटं कसा खेळतो ते एकदा बघा.

ज्वालामुखीमुळे सामने थांबतात का?

लीग थांबत नाही, पण क्लबांना घर सोडावं लागलं आहे. २३ जानेवारी १९७३ च्या रात्री वेस्टमान बेटांवर उद्रेक झाला आणि पाच हजारांवर रहिवाशांना मासेमारीच्या बोटींतून मुख्य भूमीवर आणलं गेलं. त्या वर्षी आयबीव्ही घरचे सामने मुख्य भूमीवर खेळला. त्यानंतर सहा वर्षांनी, १९७९ मध्ये, तो राष्ट्रीय विजेता झाला.

अलीकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंदाविक गाव रिकामं करण्यात आलं. दुसऱ्या श्रेणीतल्या ग्रिंदाविक क्लबने २०२४ चा हंगाम रेक्याविकमधल्या एका मैदानावर खेळून काढला. पांगलेले गावकरी ज्या दिवशी एकत्र भेटायचे तो दिवस बहुधा सामन्याचा असायचा.

बढती कशी मिळते?

दुसऱ्या श्रेणीचा विजेता थेट वर येतो. दुसरा ते पाचवा क्रमांक यांच्यात बाद फेरी होते आणि अंतिम सामना राष्ट्रीय मैदानावर. २०२३ मध्ये वेस्त्री असाच वर आला. २०२४ मध्ये मोस्फेल्सबाइरच्या आफ्तुरेल्दिंगने हा सामना जिंकला आणि क्लब इतिहासात पहिल्यांदा सर्वोच्च श्रेणीत पोचला. आयबीव्ही श्रेणी जिंकून थेट परतला.

हिवाळ्यात खेळाडू काय करतात?

जानेवारीत रेक्याविकच्या क्लबांची स्पर्धा, फेब्रुवारी-मार्चमध्ये लीग कप, बहुतेक सामने छताखाली. नवे प्रशिक्षक सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना याच सामन्यांत आजमावतात.

एका हंगामातल्या सर्वाधिक गोलांचा विक्रम कितीचा?

१९ गोल. पेतुर पेतुर्सोनने १९७८ मध्ये ते केले आणि नंतर चौघांनी त्याची बरोबरी केली, शेवटची २०१७ मध्ये. गंमत म्हणजे सामने २२ चे २७ झाले तरी विक्रम तिथेच राहिला. २०२४ मध्ये ईआचा विक्तोर योन्सोन १८ वर थांबला. एकूण कारकिर्दीतल्या गोलांचा विक्रम त्रिग्वी गुद्मुंदसोनच्या नावावर १३१ होता. वालुरच्या डॅनिश आघाडीपटूने, पॅट्रिक पेडरसनने, तो २०२५ मध्ये मागे टाकला.

सर्वांत यशस्वी क्लब कोणता?

केआर, २७ विजेतेपदं, शेवटचं २०१९ मध्ये. त्यानंतर वालुर, २३. तिसऱ्या क्रमांकाला आक्रानेसच्या ईआची आणि फ्रामची नावं जोडीने येतात, प्रत्येकी १८. ईआचा मान वेगळा आहे: १९५१ मध्ये राजधानीबाहेर करंडक नेणारा तो पहिला क्लब, आणि १९९२ ते १९९६ अशी सलग पाच विजेतेपदंही त्याचीच. काही हजार वस्तीच्या मासेमारीच्या गावाने हे केलं.

महिलांची लीग वेगळी असते का?

हो. दहा संघ, आणि तिथेही साखळीनंतर तक्ता दोन भागांत तुटतो. राष्ट्रीय स्पर्धा १९७२ पासून सुरू आहे. २०२४ चं विजेतेपद पुरुषांसारखंच शेवटच्या दिवशी ठरलं: ब्रेइदाब्लिक वालुरच्या मैदानावर गेला, ०-० बरोबरी साधली आणि करंडक घेऊन आला. म्हणजे त्या वर्षी पुरुषांचं आणि महिलांचं दोन्ही विजेतेपदं एकाच क्लबकडे. महिलांचा राष्ट्रीय संघ २००९ पासून प्रत्येक युरो स्पर्धेला पात्र ठरला आहे. पुरुषांना ते एकदाच जमलं. नव्या प्रेक्षकाने सुरुवात महिलांच्या लीगपासून केली तरी काहीच बिघडत नाही.

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून पंचांचा निर्णय तपासायची सोय, आहे का?

२०२४ च्या लीगमध्ये नव्हतं. पंच देईल तो निर्णय.

भारताशी या लीगचा काही संबंध?

आहे, आणि तो केरळमार्गे आहे. इंग्लंडचा माजी गोलरक्षक डेव्हिड जेम्स २०१३ चा हंगाम आयबीव्हीकडून खेळला. संघाचा प्रशिक्षक त्याचा जुना सहकारी हेर्मान ह्रेइदार्सोन. पुढच्याच वर्षी जेम्स इंडियन सुपर लीगमध्ये केरला ब्लास्टर्सचा खेळाडू-प्रशिक्षक झाला. २०१८ मध्ये तो पुन्हा प्रशिक्षक म्हणून आला, तेव्हा हेर्मान त्याचा सहायक होता आणि स्त्यार्नानचा आघाडीपटू गुद्योन बाल्द्विन्सोन उसनवारीवर संघात आला. त्याआधी जानेवारी २००१ मध्ये आइसलँडचा राष्ट्रीय संघ भारतात येऊन गेला होता. कोचीच्या सामन्यात त्यांनी भारताला ३-० ने हरवलं.

२०२५ मध्ये पुढे काय झालं?

आर्नार गुन्न्लाउग्सोन राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, तरी व्हीकिंगुरने करंडक परत मिळवला, आणि गिल्वीला कारकिर्दीतलं पहिलं आइसलँडिक विजेतेपद मिळालं. वेस्त्रीने अंतिम सामन्यात वालुरला १-० ने हरवून राष्ट्रीय चषक जिंकला. पण त्याच हंगामात लीगमधून मात्र तो घसरला. शेवटच्या दिवशी केआर ईसाफ्योर्दुरला गेला, ५-१ ने जिंकला आणि स्वतःचं स्थान वाचवलं. चषक कपाटात आणि संघ खालच्या श्रेणीत, असं वर्ष त्या गावाच्या वाट्याला आलं. आफ्तुरेल्दिंगही एकाच हंगामात परत गेला.

भारतातून बघायचं तर सामने किती वाजता?

आइसलँड वर्षभर एकच वेळ पाळतं आणि आपण त्यांच्यापुढे साडेपाच तास आहोत. संध्याकाळी सव्वासातचा सामना आपल्याकडे रात्री पाऊण वाजता सुरू होतो. शनिवार-रविवारचे दुपारी दोनचे सामने आपल्याला संध्याकाळी साडेसातला मिळतात. नोकरी करणाऱ्याने तेच धरावेत. वेळापत्रक आणि निकाल केएसआयच्या संकेतस्थळावर असतात.

कोणत्या संघापासून सुरुवात करू?

फक्त चांगला फुटबॉल बघायचा असेल तर ब्रेइदाब्लिक किंवा व्हीकिंगुर. जुना दरारा आणि आजची धडपड एकत्र बघायची असेल तर केआर. मी सांगेन, आयबीव्ही घ्या. त्यांचा एक घरचा सामना निवडा, आदल्या दिवशी बेटांवरच्या वाऱ्याचा अंदाज बघून ठेवा, आणि पाहुण्यांची बोट कोणत्या बंदरातून सुटली तेही शोधा.